ठसा आणि संस्कार : वाचकाच्या कल्पनेत टिकून राहिलेल्या तीन मराठी पुस्तकांचा भाषिक विचार

१

एखाद्या पुस्तकाची थोरवी सांगावयाची असली, की मराठी समीक्षेत ‘या पुस्तकाचा वाचकाच्या मनावर कायमचा ठसा उमटतो’ हे वाक्य फार सहजपणे लिहिले जाते. प्रस्तावनांत ते आढळते, परीक्षणांत आढळते आणि पदव्युत्तर प्रबंधांच्या उपसंहारांत तर ते हमखास आढळते. बहुधा या वाक्याने विवेचन संपते. वस्तुतः ते तेथून सुरू व्हावयास हवे. ठसा उमटला म्हणजे नेमके काय झाले? पुस्तकातील कोणती गोष्ट उरली आणि कोणती गळून गेली? जे उरले ते पुस्तकातील कोणत्या भाषिक व्यापारामुळे उरले? या प्रश्नांना उत्तर दिल्याखेरीज ते वाक्य मूल्यमापन ठरत नाही. तो केवळ आदराचा उद्गार राहतो.

प्रथम शब्दाचाच विचार करावा. ‘ठसा’ हा शब्द मराठीत साधनालाही लागतो आणि त्या साधनाने उमटलेल्या खुणेलाही लागतो. कापडावर नक्षी छापण्याचा लाकडी ठोकळा हा ठसा आणि कापडावर उठलेली नक्षी हाही ठसाच. या रूपकात तीन गृहीते दडलेली आहेत. खूण ही साधनाची तंतोतंत प्रतिकृती असते, ती प्रत्येक कापडावर सारखीच उठते आणि ज्यावर ती उठते ते कापड सर्वस्वी निष्क्रिय असते. वाचनाच्या बाबतीत ही तिन्ही गृहीते तपासून पाहावी लागतात, आणि तपासता ती टिकत नाहीत.

याच अर्थक्षेत्रातील दुसरा शब्द ‘संस्कार’. न्यायशास्त्रात स्मृती म्हणजे केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान होय. अनुभव सरतो, त्याचा संस्कार मागे राहतो, तो सुप्त असतो आणि एखादा उद्बोधक भेटला म्हणजे जागा होतो. या कल्पनेत ग्राहकाच्या मनाला काम आहे. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या परिशीलनाने स्वच्छ झालेल्या मनोदर्पणाची कल्पना मांडली आणि रसास्वादाचा आधार रसिकाच्या ठायी आधीपासून असलेल्या वासनांत शोधला, तीही याच जातीची आहे. मात्र आधुनिक मराठीत ‘संस्कार’ या शब्दाचा अर्थ बराच सरकला आहे. ‘मुलांवर चांगले संस्कार होतात’ असे एखाद्या पुस्तकाविषयी म्हटले जाते, तेव्हा त्यात स्मृतीचा अर्थ मागे पडून नीतिशिक्षणाचा अर्थ पुढे आलेला असतो. हे सरकणे केवळ कोशकाराच्या कुतूहलाचे नाही. कोणती पुस्तके लक्षात राहावीत याविषयी समाजाने केलेली निवड त्यातून दिसते. तिचा विचार शेवटी करावयाचा आहे.

२

वाचलेल्या मजकुराचे मनात काय होते, याविषयी गेल्या शतकात मानसशास्त्राने व भाषाविज्ञानाने काही महत्त्वाचे निष्कर्ष हाती दिले आहेत. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या स्मरणविषयक ग्रंथात उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचावयास दिल्याचा प्रयोग वर्णिला आहे. काही काळाने तीच कथा पुन्हा लिहावयास सांगता वाचकांनी तिला आपल्या ओळखीच्या जगात आणून बसविले. कथेतील कनू साध्या होड्या झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, अनाकलनीय भाग गळाले किंवा त्यांना तर्कशुद्ध कारणे जोडली गेली. म्हणजे स्मरण ही साठवण नसून पुनर्रचना असते.

जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वाक्यरूपाशी संबंधित होता. उताऱ्यातील एखादे वाक्य ऐकल्यानंतर सुमारे ८० अक्षरांचा मजकूर मध्ये गेला, की त्या वाक्याची रचना बदलल्याचे श्रोत्यांना सहसा ओळखता येत नसे. अर्थ बदलल्याचे मात्र ते ओळखीत. वाक्याचे बाह्यरूप अर्ध्या मिनिटात पुसट होते आणि आशय राहतो, असा याचा अर्थ.

साहित्याच्या अभ्यासकाला हा निष्कर्ष अडचणीचा वाटणे स्वाभाविक आहे. रूप जर इतक्या लवकर विसरले जात असेल, तर शैलीचे महत्त्व कोठे राहिले? या शंकेला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की रूप विसरले गेले तरी रूपाने केलेले काम विसरले जात नाही. वाचक वाक्यांवरून मनात एक स्थिती उभी करतो: अमुक जागा, तेथील माणसे, त्यांचे परस्परांशी नाते. ही स्थिती कोणत्या बाजूने उभी राहावी, कोणाच्या डोळ्यांनी पाहिली जावी, किती काळ चालावी, हे सर्व वाक्यरचना ठरविते. घर बांधून झाल्यावर परांची काढून टाकतात. पण घराचा आकार त्या परांचीच्या आधारानेच उभा राहिलेला असतो.

दुसरे उत्तर कीनन, मॅकव्हिनी आणि मेह्यू यांच्या १९७७ सालच्या अभ्यासातून मिळते. त्यांनी प्रयोगशाळेतील सुटी वाक्ये न घेता प्रत्यक्ष चर्चेतील वाक्ये घेतली. ज्या वाक्यांत बोलणाऱ्याचा ऐकणाऱ्याशी संबंध गुंतलेला होता, ज्यांत थट्टा, टोमणा किंवा व्यक्तिगत रोख होता, त्यांचे शब्दशः रूपही श्रोत्यांच्या चांगले लक्षात राहिले. केवळ माहिती देणारी वाक्ये तशी राहिली नाहीत. म्हणजे विधानापेक्षा व्यवहार अधिक टिकतो: एकाने दुसऱ्याला काहीतरी म्हटले, विचारले, सुनावले, हे टिकते.

हे निष्कर्ष हाती घेऊन तीन मराठी पुस्तकांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आणि व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ ही ती तीन पुस्तके होत. तिन्ही दीर्घकाळ वाचली गेली आहेत आणि तिन्हींविषयी ठशाची भाषा वापरली जाते. परंतु तिन्हींचा ठसा एका जातीचा नाही.

३

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कारागृहात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची चौकट आहे, आणि प्रकरणांना ‘रात्र’ हे नाव आहे. म्हणजे हे लिखित पुस्तक असूनही त्याचा पवित्रा कथनाचा आहे. ऐकणारे समोर बसलेले आहेत, ते मधून विचारतात, सांगणारा मधून थांबतो.

हे पुस्तक लहानपणी वाचलेल्या प्रौढ वाचकाला त्यातील काय आठवते, असे विचारले तर उत्तरे बहुधा ठरावीक प्रसंगांची येतात. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरावयास लावणारा श्याम आणि पायांसारखेच मन स्वच्छ ठेवण्यास जप, असे सांगणारी आई. उमलण्यापूर्वीच खुडून आणलेल्या कळ्या. मीठ घालावयाचे विसरलेली आणि वडिलांनी एक शब्द न काढता खाल्लेली भाजी. धाकट्या भावासाठी पैसे साठवून शिवलेला कोट. यांपैकी प्रत्येक प्रसंगाच्या मध्यभागी एक अगदी लहान वस्तू आहे आणि त्या वस्तूशी निगडित असलेले इंद्रिय प्रायः डोळा नाही. ओल्या तळव्याला मातीचा स्पर्श, हाताने खुडलेली कळी, जिभेला जाणवलेला अळणीपणा, अंगावर चढविलेले कापड. स्पर्श आणि रुची यांची ही योजना सहेतुक असो वा नसो, तिचा परिणाम स्पष्ट आहे. पालगडचे घर ज्याने पाहिलेले नाही, कोकणातील पडवी ज्याच्या अनुभवात नाही, त्या वऱ्हाडातील किंवा मराठवाड्यातील वाचकालाही ओला तळवा आणि अळणी भाजी ठाऊक असते. बार्टलेटचा वाचक ज्या ठिकाणी परके तपशील गाळतो, त्या ठिकाणी येथे गाळण्यासारखे फारसे काही नसते. वाचक घर आपल्या घरासारखे कल्पितो. प्रसंग मात्र जसाच्या तसा राहतो.

याला जोडूनच दुसरी भाषिक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या पुस्तकात दोन प्रकारची भाषा आहे. एक निवेदकाची: दीर्घ, उद्गारवाचक, संस्कृत शब्दांनी भरलेली, एका उपमेतून दुसऱ्या उपमेत वाहत जाणारी. दुसरी प्रसंगातील आईची: घरगुती, आज्ञार्थी, ‘तू’ला उद्देशून असलेली, बहुधा लहान वाक्यांची. ही विभागणी सर्वत्र काटेकोर नाही. काही ठिकाणी आईही निवेदकाच्या भाषेत बोलू लागते आणि तिचे बोलणे प्रवचनाचे रूप घेते. परंतु वाचकाची स्मृती या दोहोंत मोठा भेद करते. लोकांच्या तोंडी राहिले आहे ते आईचे लहान बोलणे. निवेदकाचे भाष्य आणि आईची प्रवचने त्या मानाने विरळ झाली आहेत. १९७७ च्या अभ्यासातील निष्कर्ष येथे चपखल लागू पडतो. आईचे वाक्य म्हणजे एका मुलाशी, एका क्षणी, एका कृतीच्या संदर्भात केलेला व्यवहार होय. भाष्य कोणालाही उद्देशून असू शकते, म्हणून ते कोणाच्याच जवळ राहत नाही.

या पुस्तकावर भावविवशतेचा आक्षेप नेहमी घेतला जातो. वरील भेद मान्य केल्यास त्या आक्षेपाची मर्यादा ठरविता येते. तो आक्षेप मुख्यतः निवेदकाच्या भाषेला लागू पडतो, आणि त्या भाषेला तो खराही आहे. परंतु वाचकाच्या मनात जे टिकले आहे ते त्या भाषेने टिकविलेले नाही. अश्रूंनी हे पुस्तक तगले, असे टीकाकार आणि चाहते दोघेही म्हणतात. पुस्तकाची घडण पाहता ते अश्रूंपेक्षा मीठ, कळी आणि कोट यांच्यामुळे तगले असे म्हणणे अधिक युक्त होईल.

आईच्या चेहऱ्याचे, बांध्याचे, वस्त्रांचे वर्णन या पुस्तकात फारसे नाही, हीही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ती हातांनी आणि बोलण्याने उभी राहिली आहे. ही रिकामी ठेवलेली जागा पुढे चित्रपटाने भरली. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ साली पडद्यावर आला आणि १९५४ साली सर्वोत्कृष्ट कथापटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. त्यानंतरच्या कित्येक वाचकांच्या कल्पनेतील आईला वनमालाबाईंचा आणि श्यामला माधव वझे यांचा चेहरा आहे. या वाचकांची स्मृती पुस्तकाची म्हणावी की चित्रपटाची? काटेकोर उत्तर असे, की चेहरा चित्रपटाचा आणि प्रसंग पुस्तकाचा. पुस्तकाने चेहरा वर्णिला असता तर दोन्हींत संघर्ष झाला असता. तो झाला नाही, याचे कारण पुस्तकाच्या मौनात आहे.

४

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागले. १९३६ साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी पुरा केला. म्हणजे ‘श्यामची आई’ आणि हे पुस्तक एकाच काळात मराठी वाचकांसमोर आले. दोहोंत ब्राह्मणी घर आहे, सोवळेओवळे आहे, दारिद्र्य आहे, घर सावरणारी स्त्री आहे. तरीही वाचकाच्या मनातील त्यांची वस्ती अगदी वेगळी आहे.

‘स्मृतिचित्रे’तील प्रसंगही आठवतात. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाल्यानंतर वडिलांच्या मनाने घेतलेला सोवळ्याचा ध्यास आणि त्यापायी बाजारातून आलेले मीठही धुवून घेण्यापर्यंत गेलेला त्यांचा आचार. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरचा दीर्घ वियोग. पुन्हा एकत्र आल्यावर काही काळ पाळलेले वेगळे अन्नपाणी आणि पुढे स्वतःच्याच विचाराने सोडून दिलेला जातिभेद. परंतु हे प्रसंग सांगू लागलेला वाचक लवकरच अडखळतो. प्रसंग सांगून पुरत नाही, तो लक्ष्मीबाईंच्या रीतीने सांगावा लागतो असे त्याच्या ध्यानात येते. येथे ठसा प्रसंगाचा नसून आवाजाचा आहे.

हा आवाज कशाने घडला? लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते; वाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांच्या वाक्यांत गौण वाक्यांची गुंतागुंत थोडी आणि एकापुढे एक मांडलेली प्रधान वाक्ये पुष्कळ आहेत. ही बोलण्यातील रचना होय. अशा रचनेत कारणमीमांसा मागे राहते आणि घटनांचा क्रम पुढे येतो. वडिलांच्या सोवळ्याचा छळ आणि त्यातील हास्यास्पदता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या जातात. त्यांचा निवाडा केला जात नाही. निवाडा नसल्यामुळे तो वाचकाला करावा लागतो, आणि जे स्वतः करावे लागते ते टिकते. ‘श्यामची आई’त निवेदक जेथे अर्थ सांगतो, तेथे ‘स्मृतिचित्रे’तील निवेदिका थांबते किंवा स्वतःचीच थट्टा करते.

दुसरा भाषिक विशेष नामनिर्देशाचा आहे. पतीचा उल्लेख त्या सर्वत्र ‘टिळक’ असा करतात. पतीचे नाव न घेण्याचा त्या काळचा कुलस्त्रीचा आचार त्यात पाळला जातो. परंतु ‘हे’ किंवा ‘स्वारी’ अशी आडवळणाची वाटही धरली जात नाही. आडनावाने झालेला हा निर्देश एकाच वेळी आदराचा, जवळिकीचा आणि अंतराचा आहे. त्यामुळे टिळक हे केवळ पती राहत नाहीत. ज्यांच्याकडे पाहता येते, ज्यांच्याशी भांडता येते, ज्यांच्या विक्षिप्तपणाला हसता येते आणि ज्यांच्या मोठेपणापुढे नमताही येते, असे एक स्वतंत्र मनुष्य होतात. एका नामप्रयोगाने साधलेले हे अंतर पुस्तकभर कायम राहते, आणि त्या अंतरात वाचकाला उभे राहावयास जागा मिळते.

आवाजाचा ठसा टिकाऊ असतो. परंतु तो पुढे देता येत नाही. प्रसंग तोंडी सांगता येतो, पाठ्यपुस्तकात उतरविता येतो, पडद्यावर आणता येतो. आवाज पुस्तकातच राहतो. तो ऐकावयाचा तर पुस्तक पुन्हा उघडावे लागते. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांच्या मनात ते खोलवर असते आणि न वाचलेल्यांच्या मनात ते जवळजवळ नसतेच. ‘श्यामची आई’ मात्र न वाचलेल्यांनाही ठाऊक असते.

५

‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. माणदेशातील एका धनगर वाडीवर शिक्षक म्हणून नेमणूक झालेला तरुण पायी तेथे येतो, वाडीचा होतो, वाडीकरांकडून तालीम बांधून घेतो आणि शेवटी दुष्काळाने वाडी उठताना पाहतो. कथानक इतकेच. पात्रे अनेक आहेत आणि कारभाऱ्यासारखी काही लक्षातही राहतात. परंतु वाचकाच्या मनात जी उरते ती वाडी. राम देशमुख यांच्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षकही, त्या गावाला भिंती नव्हत्या असे सांगणारे, माणसाविषयीचे नसून जागेविषयीचे आहे.

जागेचा हा ठसा वर्णनाच्या विपुलतेने उमटलेला नाही. माडगूळकरांची निवेदनाची वाक्ये लहान आणि विशेषणांच्या बाबतीत काटकसरीची आहेत. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद माणदेशी बोलीत. या योजनेमुळे निवेदक वाडीच्या आतही आहे आणि बाहेरही. वाचकाला तो वाडीवर नेतो, परंतु आपण तेथले नाही याचे भान सुटू देत नाही.

याहून सूक्ष्म व्यापार क्रियापदांचा आहे. मराठीला रीतिभूतकाळाची देणगी आहे. ‘तो गेला’ आणि ‘तो जाई’ किंवा ‘जात असे’ यांत केवळ काळाचा नव्हे, तर जगाच्या घडणीचा फरक आहे. पहिल्यात घटना आहे, दुसऱ्यात नेम आहे. मेंढरे रानात जाणे, पुरुष बाहेर पडल्यावर वाडी ओस दिसणे, सायंकाळी पुन्हा गजबजणे, शाळेत पोरे जमणे, रात्री चावडीत गप्पा होणे, ही सर्व त्या पुस्तकातील नेमाची सृष्टी आहे. जागा म्हणजे जेथे त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा होतात ते ठिकाण. एकदाच घडलेल्या घटनेतून पात्र उभे राहू शकेल, प्रसंग उभा राहू शकेल. जागा उभी राहण्यास नेम लागतो. दुष्काळ येतो तेव्हा वाडीतून प्रथम नाहीसा होतो तो हा नेम. पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, एकेक घर उठते. प्रत्येक गोष्ट एकदाच घडते, पुन्हा होण्यासाठी काही उरत नाही. या शोकांतिकेत मोठे उद्गार नाहीत. जे रोज होत असे ते होईनासे झाले, एवढेच आहे. वाचकाला वाडीची हानी वैयक्तिक वाटते, कारण तो नेम त्याच्याही अंगवळणी पडलेला असतो.

६

तीन पुस्तकांतून तीन प्रकारचे संस्कार हाती आले: कृतीचा, आवाजाचा आणि जागेचा. प्रत्येकामागील मुख्य भाषिक साधन निराळे आहे. पहिल्यात दोन व्यक्तींमधील लहान, उद्देशपूर्ण बोलणे. दुसऱ्यात बोलण्याची रचना आणि नामनिर्देशाने साधलेले अंतर. तिसऱ्यात नेमाचा काळ. ही वर्गवारी सर्व साहित्याला पुरेल असा दावा करण्याचे कारण नाही. एका पुस्तकात हे तिन्ही संस्कार कमीअधिक प्रमाणात असू शकतात, आणि काव्याच्या बाबतीत, जेथे छंद बाह्यरूपालाच स्मरणात बांधून ठेवतो, तेथे हा विचार नव्याने करावा लागेल.

परंतु या वर्गवारीतून एक प्रश्न निघतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ठसा उमटणे हे वाङ्मयीन मूल्य आहे काय? १९३० नंतरच्या त्या दशकात एकाच समाजातील घराविषयी दोन पुस्तके आली. एकात आईविषयी मुलगा बोलतो. दुसऱ्यात स्त्री स्वतःविषयी बोलते. पहिलीला ‘मी’ नाही, दुसरीला आहे. पहिली सोसते, समजावते, प्रसंगी छडीही उगारते. दुसरी सोसते, भांडते, हसते, मत बदलते आणि बदलल्याचे सांगते. समाजाच्या सामुदायिक कल्पनेत पहिलीने जितकी जागा व्यापली तितकी दुसरीने व्यापली नाही. याचा काही भाग वर सांगितलेल्या भाषिक कारणांनी समजतो: कृती पुढे देता येते, आवाज देता येत नाही. परंतु सगळा भाग तेवढ्याने समजत नाही. लहान प्रसंग पाठ्यपुस्तकात सुटून येतो, त्यावर प्रश्न विचारता येतात, त्यातून ‘संस्कार’ होतात. आणि कोणते संस्कार व्हावेत हे ठरविणाऱ्यांना स्वतः बोलणाऱ्या स्त्रीपेक्षा जिच्याविषयी बोलले जाते ती आई अधिक सोयीची वाटली असावी. शब्दाचा अर्थ स्मृतीकडून नीतीकडे सरकला, त्याचे हे एक फळ होय.

याचा दोष साने गुरुजींकडे जात नाही. त्यांच्या पुस्तकातील आई अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या मदतीस मुलाला पाठविते; तिचे मन तिच्या आचारापेक्षा मोठे आहे. दोष असलाच तर तो उरलेल्या स्मृतीलाच पुस्तक समजणाऱ्या समीक्षेचा आहे. स्मृतीने आईतील सोशिकपणा जितका उचलला तितका तिचा हा निश्चयीपणा उचलला नाही. पुस्तक पुन्हा उघडले म्हणजे स्मृतीने केलेली ही निवड ध्यानात येते. बार्टलेटच्या वाचकांनी परकी कथा जशी आपल्या जगात बसवून घेतली, तशीच एका समाजाने आपल्याच पुस्तकातील आई आपल्या सोयीने बसवून घेतली आहे.

म्हणून ‘मनावर ठसा उमटतो’ हे विधान ज्याला करावयाचे आहे त्या अभ्यासकाने तीन गोष्टी दाखवून द्याव्यात. पहिली, नेमके काय उरले: कृती, आवाज, जागा की आणखी काही. दुसरी, ते पुस्तकातील कोणत्या भाषिक व्यापाराने उरले. त्यासाठी आठवणीवर न विसंबता संहितेकडे जावे लागेल. तिसरी, उरलेले आणि मूळ यांत अंतर किती पडले, आणि ते अंतर पाडण्यात पाठ्यपुस्तके, चित्रपट व तोंडी कथन यांचा वाटा किती. या तिसऱ्या प्रश्नासाठी निरनिराळ्या जिल्ह्यांतील, निरनिराळ्या वयांच्या आणि जातिसमूहांच्या वाचकांकडून एकाच प्रसंगाची आठवण लिहून घेऊन ती संहितेशी ताडून पाहण्याचे काम भाषाविज्ञान आणि साहित्य या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना मिळून करता येण्यासारखे आहे. त्याला मोठी सामग्री लागत नाही. अळणी भाजीच्या प्रसंगात बोलले कोण आणि गप्प राहिले कोण, एवढा एक प्रश्न विचारूनही आरंभ करता येईल. आणि उत्तरांत जेथे जेथे संहितेहून निराळे काही येईल, तेथे वाचकाच्या कल्पनेने कोठे हात लावला आहे हे कळेल.